४२ मुलं, पाच घरभाषा, एक वर्ग: फॅन्सी ड्रेस सोडून काय करता येईल?

सहावी_पूर्वभाग

सोलापूरच्या पूर्व भागातली मराठी माध्यमाची अनुदानित शाळा. इयत्ता सहावी, पट ४२. प्रवेश अर्जातल्या 'मातृभाषा' या रकान्यात ३९ जणांपुढे 'मराठी' लिहिलेलं आहे. मधल्या सुट्टीत मात्र तेलुगू, कन्नड, दख्खनी (इथली बोली उर्दू) सगळं ऐकू येतं आणि शिक्षक जवळ आले की एकदम बंद होतं. अंदाजे हिशेब असा: तेलुगू १७, मराठी १२, कन्नड ६, उर्दू ६, लमाणी (बंजारा बोली) १.

'विविधतेत एकता' दिन दरवर्षी होतो. नऊवारी, लुंगी, जाळीची टोपी, घागरा, फोटो, खाऊ, संपलं. दुसऱ्या दिवशी बोलण्याच्या ढबीवरून चिडवणं पुन्हा सुरू. २०२६-२७ साठी आराखडा करायचाय. हातात आठवड्याला कार्यानुभवाची एक तासिका (३५ मिनिटं), परिपाठातली दहा मिनिटं आणि सगळे मिळून ३,००० रुपये.

नेमकं विचारायचं ते असं:
१. सुरुवात कुठून करावी?
२. घरभाषेला वर्गात जागा दिली तर मराठी कच्चं राहतं का? सहकाऱ्यांचा मुख्य आक्षेप हाच आहे.
३. २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन घ्यायचा विचार आहे, सोबत खाण्याचा कार्यक्रम. तारीख बरोबर आहे का?
४. पालकसभेला १०-१२ जण येतात, तेही तेच ते. बाकीच्यांना कसं आणायचं?

हजेरीपट

मॅडम, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. ३९ जणांपुढे 'मराठी' लिहिलंय, कारण दुसरं काही लिहिलं तर प्रवेशाला अडचण येईल असं पालकांना वाटतं. म्हणून छापील फॉर्म पुन्हा वाटू नका, तेच उत्तर परत येईल. जूनमध्ये शाळा सुरू झाली की रोज आठ-नऊ मुलांना एकेकट्याने बोलावून दोन-दोन मिनिटं बोला. पाच दिवसांत वर्ग संपतो. विचारायचं एवढंच:

- आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस?
- आई चिडली की कोणत्या भाषेत ओरडते?
- गल्लीत खेळताना?
- मनातल्या मनात आकडे कोणत्या भाषेत मोजतोस?

'मातृभाषा' हा शब्दच काढायचा नाही. बहुतेक मुलं दोन किंवा तीन भाषा सांगतील, त्या सगळ्या लिहायच्या. जात आणि धर्म विचारायचा नाही, अंदाजानेही लिहायचा नाही. हा कागद तुमच्या टाचणवहीत राहू द्या. भिंतीवर 'तेलुगू १७, उर्दू ६' असा तक्ता लावलात तर तुम्हीच गट पाडून दिलेत.

दुसरं काम नावांचं. हजेरी घेताना बहुतेकांना पहिल्या नावाने हाक आणि काही जणांना नुसतं 'शेख', 'पठाण', 'सय्यद' असं होतंय का ते तपासा. वर्गात तीन शेख असले तर 'शेख एक, शेख दोन'ही सुरू होतं. सगळ्यांना पहिल्या नावानेच हाक मारायची, आडनाव कोणाचंच नाही.

एक साधा नाव-तक्ता करा, चार रकाने: रजिस्टरमधलं नाव, घरी मारतात ती हाक, मुलाला वर्गात हवी असलेली हाक आणि उच्चाराची खूण. तिसरा रकाना मुलालाच विचारून भरायचा. 'अय्या', 'अप्पा', 'अम्मा' अशी शेवट असलेली नावं वर्गात चेष्टेचा विषय होतात. काही मुलांना पूर्ण नाव हवं असतं, काहींना नको असतं. ठरवणारे आपण नाही. उर्दू नावांतल्या इंग्रजी 'z'सारख्या 'ज'साठी वेगळा क्लास लावावा लागत नाही. 'जास्त', 'जागा' यांतला 'ज' आपल्या तोंडात आहेच, तो 'जीवन'मधल्या 'ज'सारखा काढू नका, म्हणजे झालं.

मात्र जनरल रजिस्टरला हात लावायचा नाही. तिथलं नाव आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्याशी जुळावं लागतं. आपण एक मात्रा 'सुधारतो' आणि दहावीचा फॉर्म भरताना पालकांना चकरा पडतात.

बसण्याची रचना: चार-चारचे गट, १५ दिवसांनी बदलायचे. एका भाषेचे चौघे एकत्र नकोत, पण एका भाषेचं एकटं मूलही शक्यतो नको. दोन-दोनची जोडी जमते. एकटं पडलेलं मूल गटात गप्प बसतं आणि आपण समजतो, 'शांत आहे'. प्रत्येक गटाला चार कामं द्या: वाचणारा, लिहिणारा, सामान आणणारा, वेळ बघणारा. गट बदलला की कामही बदललं पाहिजे, नाहीतर ज्यांचं मराठी सफाईदार तीच मुलं वर्षभर वाचतात आणि बाकीची खडू आणतात.

शेवटचं, मैत्रीचा नकाशा. जूनअखेर प्रत्येकाकडून चिठ्ठी घ्या: 'गृहपाठ अडला तर वर्गातल्या कोणत्या तिघांना विचारशील?' घरी बसून बाणांनी जोडा. ज्यांचं नाव कोणीच लिहिलेलं नाही ती मुलं मोजा. डिसेंबरात पुन्हा हेच करा. कार्यक्रमाचे फोटो कितीही सुंदर येऊ देत, हा आकडा खाली आला नाही तर काही झालं नाही असं समजा. 'कोण आवडत नाही' हा प्रश्न कधीही विचारू नका, चिठ्ठ्या कोणाला दाखवू नका. एक चिठ्ठी बाहेर गेली की वर्षभर कोणी खरं लिहीत नाही.

कोरा_फळा

सगळं छान आहे, पण मुलं मराठी माध्यमात मराठी शिकायला आलीत ना? परिपाठात तेलुगू-कन्नड शब्द घेत बसलो तर सहावीतही 'माझा पुस्तक' तसंच राहतं. पुढे दहावीचा पेपर मराठीतच लिहायचा आहे. वेळ कमी आहे, तो लेखनावर द्यावा. कोणाच्या भाषेचा अपमान करा असं मी म्हणत नाही.

ळ_आणि_ण

कोराफळासर, 'माझा पुस्तक' का येतं ते समजलं तर तुमचा वेळच वाचेल. तेलुगू आणि कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना लिंगभेद नाही. दगड, वीट, घर सगळ्यांचा कारभार एकच. मराठीत मात्र तो दगड, ती वीट, ते घर. घरच्या व्याकरणात हा कप्पाच नसेल तर शंभरदा लाल रेघ ओढून तो तयार होत नाही. उपाय एक आणि कंटाळवाणा आहे. नवा शब्द कधीही एकटा लिहायचा नाही. फळ्यावर 'पुस्तक' नको, 'ते पुस्तक, माझं पुस्तक, जाडं पुस्तक' असं तिहेरी लिहा. रोज पाच शब्द घेतले तर सत्राला साडेचारशेच्या आसपास होतात. ही मदत तेलुगू-कन्नड घरच्या मुलांना लागते तेवढी उर्दूवाल्यांना लागत नाही. उर्दूत स्त्रीलिंग-पुल्लिंग आहे, नपुंसकलिंग नाही, म्हणून त्यांचा घोळ मुख्यतः 'ते'पाशी होतो.

त्यांची अडचण वेगळी. उर्दूत 'ण' आणि 'ळ' नाहीत. 'पाणी'चं 'पानी', 'शाळा'चं 'शाला' होतं. कान तयार करायला जोड्या द्या: मन-मण, कल-कळ, वेल-वेळ. आधी फक्त ऐकून बोट वर करायचं, बोलायचं नंतर. उलट केलंत तर चुकीचाच उच्चार पक्का होतो आणि वर्ग हसतो तो वेगळाच.

आणि 'मी काम केलो', 'मी भाकरी खाल्लो' ही सगळ्यांची सामाईक मालमत्ता आहे. दख्खनीत 'मैं रोटी खाया' चालतं, तेलुगू-कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणेच फिरतं आणि सोलापूरच्या मराठी घरांतही 'मी केलो' सर्रास बोलतात. तेव्हा हे 'तेलुगू मुलांचं चुकीचं मराठी' नव्हे, सोलापूरचं मराठी आहे. सांगायचं असं: 'गल्लीत केलो, पेपरात केलं.' दोन्ही ठेवायचं, कुठे काय ते शिकवायचं.

परिपाठातल्या दहा मिनिटांपैकी चार मिनिटं शब्दांना द्या, बाकीची नेहमीप्रमाणे. रोज एक शब्द, चार-पाच भाषांत, मुलांकडूनच घ्यायचा. सुरुवातीला आकडे घ्या, कारण परिणाम लगेच दिसतो:

तेलुगू: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू
कन्नड: ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू, ऐदू

तेलुगू आणि कन्नड मुलं आपापली चुलतभावंडं पहिल्यांदाच ओळखतात. मग मराठीचे उसने शब्द. अक्का, अण्णा, अप्पा, तूप हे कन्नडशी नातं सांगणारे. दप्तर, शाई, कागद, तारीख, हजेरी, सही हे फारसी-अरबी वाटेने आलेले. दप्तर उघडून कागदावर शाईने तारीख टाकली की अख्ख्या वर्गाने उर्दू घरातले चार शब्द वापरलेले असतात. हे ऐकल्यावर 'तुमची भाषा' म्हणून चिडवणं जरा अवघड होतं.

शब्दांच्या भिंतीसाठी ट्रान्सलेट ॲप वापरू नका. तिथलं तेलुगू पुस्तकी येतं. इथल्या घरांतलं तेलुगू तेलंगणाच्या वळणाचं, त्यात मराठी मिसळलेलं. कन्नडही उत्तर कर्नाटकाचं. ॲपमधला शब्द भिंतीवर लावला की मूल घरी विचारतं, घरचे म्हणतात 'असं कोण बोलतं?' आणि मुलाला वाटतं आपलीच भाषा अशुद्ध. मूल जसं बोलतं तसं देवनागरीत लिहा. घरात कोणाला तेलुगू, कन्नड किंवा उर्दू लिपी येत असेल तर खाली त्या लिपीत लिहून आणायला सांगा, सक्ती नको. उर्दूची पट्टी चिकटवताना उजवीकडून सुरू होते हे लक्षात ठेवा. पट्टी कापून उलट जोडण्याचा प्रकार शाळाशाळांतून होतो.

एक गोष्ट सूचना लिहिणाऱ्यांसाठी. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. तेलुगूतही तसंच, 'मेमू' आणि 'मनमू'. अहवालात 'आम्ही त्यांचा सण साजरा केला' असं लिहिलंत की 'ते' बाहेर गेले. 'आपल्या वर्गातला सण' लिहिलं तर एका शब्दात आत आले. मुलं हा फरक बरोबर पकडतात, मराठी आणि तेलुगू दोन्हींत तो आहे.

कायद्याचं थोडक्यात: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९ मध्ये शिकवण्याचं माध्यम शक्य तेवढं मुलाची मातृभाषा असावं असं म्हटलंय. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. 'मराठीशिवाय बोललास तर एक रुपया दंड' ही डबी अजूनही काही वर्गांत दिसते. ती ताबडतोब बंद करा.

कोरा_फळा

'गल्लीत केलो, पेपरात केलं' हे पटलं. चार मिनिटं असतील तर माझी हरकत नाही. दहाची वीस करू नका एवढंच.

दिनदर्शिका

तिसऱ्या प्रश्नावर. २१ फेब्रुवारी २०२७ ला रविवार आहे आणि तेव्हा रमजान चालू असेल. सहावीतली काही मुलं रोजे धरतात. खाण्याचा कार्यक्रम त्या दिवशी ठेवलात तर ज्यांना सामावून घ्यायचं तीच मुलं बाजूला बसतील. इस्लामी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, त्यामुळे मागच्या वर्षीची फाइल बघून तारीख काढू नका. शनिवारी २० ला फक्त भाषेचा कार्यक्रम घ्या. खाणं ११ डिसेंबरला न्या, तो भारतीय भाषा दिवस म्हणून शाळांतून साजरा होतोच, सुब्रमण्य भारती यांचा जन्मदिवस. २०२६ मध्ये त्या दिवशी शुक्रवार आहे, म्हणून सकाळी घेऊन बारापर्यंत आटपा. दुपारी जुम्म्याची नमाज असते.

बाकीचं वर्ष असं लावता येईल. सगळं करू नका, चार निवडा.

नारळी पौर्णिमा: तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव. पूर्व भागात त्या दिवशी चाचणी किंवा सराव परीक्षा ठेवू नका, एवढंही पुरेसं आहे.

नवरात्र: बतुकम्मा, तेलुगू घरांतला फुलांचा सण. इथे पूजा घ्यायची गरज नाही, विज्ञानाचा तास घ्या. बतुकम्माची उतरंड ज्या फुलांनी रचतात ती तंगेडू आणि गुनुगू म्हणजे आपल्या माळावरचे तरवड आणि कुरडू. दोन्ही सोलापूरच्या कोरड्या जमिनीत आपोआप उगवतात. फूल, पान, शेंग आणून वहीत चिकटवा, खाली प्रत्येक घरभाषेतलं नाव लिहा. मराठी घरची मुलंही आजीला विचारून येतात, कारण पुस्तकात हे नाव नसतं.

डिसेंबर-जानेवारी: वेळा अमावस्या. सोलापूर, धाराशिव, लातूर पट्ट्यात शेतावर जेवायचा दिवस, कर्नाटकातल्या एळ्ळ अमावास्येचा भाऊ. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. त्या दिवशी हजेरी कमी असते. रागवू नका, दुसऱ्या दिवशी 'भज्जीत किती पालेभाज्या होत्या' याची यादी करून घ्या.

१२ जानेवारी: माझ्या मते सोलापूरच्या शाळेसाठी वर्षातला सगळ्यात नेमका दिवस. मे १९३० च्या आंदोलनानंतर शहरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवडा तुरुंगात चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. भाषण नको, पोवाडा नको. चार नावं फळ्यावर लिहा आणि विचारा, या चौघांच्या घरी कोणत्या भाषा बोलत असतील? नंतर गप्प बसा.

त्याच सुमाराला सिद्धेश्वर यात्रा. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, त्यांची वचनं (छोट्या भक्तिरचना) कन्नडमध्ये. कन्नड मुलांना एक छोटं वचन घरून आणायला सांगता येईल, अर्थ मराठीत. त्या चार-पाच दिवसांत मात्र शाळेत मोठा कार्यक्रम ठेवू नका, गाव गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत असतं.

संक्रांत: तीळ हा विषय घ्या. आपण 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणतो, कन्नडमध्ये 'एळ्ळू बेल्ला तिंदू ओळ्ळे माताडी', अर्थ जवळजवळ तोच. तेलुगू घरांत याच दिवसांत तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून सकिनालू तळतात. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आहेच.

धर्माच्या बाबतीत एक रेघ आखून घ्या. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणून सणातलं अन्न, फुलं, शब्द, हातकाम शाळेत आणा. आरती, दुआ, पूजा घरी राहू द्या. कुठलाच सण मग अडत नाही.

खाण्याबद्दल. 'घरून काहीतरी आणा' असं सांगितलं की डब्यांची स्पर्धा होते आणि ज्यांच्या घरी जमत नाही ती मुलं गैरहजर राहतात. शाळेतच तीन पदार्थ करा, फक्त चव घेण्यापुरते. कडक भाकरी आणि शेंगा चटणी, हे कोणा एकाचं नाही, सोलापूरचं आहे. दुसरा पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात. ४५ जणांना साधारण १०० ग्रॅम शिजलेला भात द्यायचा तर दीड किलो तांदूळ, २०० ग्रॅम चिंच, पाव किलोच्या आसपास तेल. भात परातीत पसरून पूर्ण गार करायचा आणि मगच चिंचेचा कोळ कालवायचा. गरम भातात कालवला की गिच्च गोळा होतो. आंबटपणामुळे तो दुपारपर्यंत चांगला राहतो. दुधाचे पदार्थ नकोत, शिरखुर्म्याऐवजी तुपात परतलेल्या कोरड्या गोड शेवया करा. सगळं शाकाहारी, कांदा-लसूण नसलेलं एक तरी हवं. शेंगा चटणीत लसूण असतो, म्हणून जैन मुलांसाठी पुलिहोरा बिनलसणाचा ठेवा. शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का ते आठवडाभर आधी लेखी विचारा. भातातही दाणे घालतात, चटणी तर दाण्यांचीच असते.

धोटा

कार्यानुभवाची तासिका आहे म्हणता आणि विणकामाचं कोणीच बोलेना! असं कसं चालंल की ओ? सोलापुरात राहून पुठ्ठ्याचे मुखवटे कशाला?

आधी शब्द बगा. मराठीत माग, तेलुगूत मग्गम्, कन्नडमध्ये मग्ग. एकाच धाग्याचे तीन पीळ. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण वर्गातल्या किती मुलांनी ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवा धागा) हातात धरलाय?

'वर्गाची चादर' करा. प्रत्येकाला १८ × २४ सेंमीचा जाड पुठ्ठा, खोक्याचा चालतो. आखूड बाजूंना, वर आणि खाली, एक-एक सेंमीवर १६ खाचा, खोली अर्धा सेंमी. ताण्याला पक्का पांढरा दोरा, माणशी ५ मीटर. खाचेतून खाचेत पुढच्याच बाजूने ओढायचा, मागून पूर्ण गुंडाळला तर दुप्पट लागतो. बाण्यासाठी दुकानातून लोकर आणू नका, सगळे पैसे तिथेच जातील. यंत्रमाग कारखान्यात कोनाच्या (सूत गुंडाळायच्या शंकूच्या) तळाला उरलेलं सूत मागा. एकेरी सूत बारीक असतं, आठ-दहा पदर एकत्र घ्यायचे. २० सेंमी विणायला साधारण ८० ओळी लागतात. ३५ मिनिटांत नवं मूल १२-१५ ओळी काढतं, म्हणजे सहा-सात तासिका धरा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. ताणा फार ताणला तर पुठ्ठा कमानीसारखा वाकतो. बोटाने दाबल्यावर दोरा जरासा खाली गेला पाहिजे. दुसरं, कडा आत येतात आणि पट्टी डमरूसारखी होते. बाणा सरळ ओढल्यामुळे होतं ते. धागा कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग जुन्या कंगव्याने खाली ठोकायचा. दहा ओळींनी पट्टीने रुंदी मोजायची, १५ सेंमीच्या खाली गेली तर तिथवर उसवायचं. उसवायला लाजू नका.

रंग दोनच, मुलाच्या पसंतीचे. भाषेप्रमाणे किंवा सणाप्रमाणे रंग वाटून देऊ नका, सगळा खेळ तिथेच बिघडंल. ४२ तुकडे सातच्या सहा ओळी जोडले की १०५ × १२० सेंमीची चादर होते. जोडताना शेजारी कोणाचा तुकडा येईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. शिवणारे दोघे एकमेकांच्या कडा सांभाळून शिवतात, नाहीतर मधे भोक राहतं.

आणि एक. 'माग म्हणजे तेलुगू लोकांचं काम' असं वर्गात चुकूनही बोलू नका. ज्याचे वडील रिक्षा चालवतात त्या तेलुगू मुलाने काय करायचं? आणि मागावर इथं सगळ्याच समाजांची माणसं राबलीत.

पालकसभा_सहा_वाजता

चौथा प्रश्न. सभा दुपारी असेल तर येणार कोण? यंत्रमागावरचे वडील पाळीत असतात. विडी करणाऱ्या आयांची माल जमा करायची वेळ ठरलेली असते, ती चुकली तर दिवसाच्या मजुरीला खोट. वेळ आधी मुलांकडून विचारून घ्या आणि दोन वेळा ठेवा, एक सकाळी शाळा भरताना २० मिनिटं, एक संध्याकाळी. गल्लीजवळच्या मंदिराच्या किंवा मशिदीच्या ओट्यावर सभा घ्यायची सूचना कोणी केली तर नको म्हणा. समाज मंदिराचं सभागृहसुद्धा एका गटाचं वाटतं. शाळाच बरी, फक्त वेळ बदला.

सूचना चार लिप्यांत छापणं दिसायला चांगलं, उपयोग कमी. तेलुगू बोलणाऱ्या अनेक आयांना तेलुगू लिपी वाचता येत नाही, त्या मराठी शाळेतच शिकलेल्या, किंवा वाचतच नाहीत. ४०-४५ सेकंदांचे आवाजी संदेश करा: मराठी, तेलुगू, कन्नड, दख्खनी. बोलणारे पालकच असू द्यात. संदेशात तीनच गोष्टी: कधी, किती वेळ, कशासाठी. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' वगैरे भाषा आली की माणूस घाबरतो, पैसे मागणार असं वाटतं.

सभेत पहिली दहा मिनिटं मुलाची वही हातात द्यायची, चांगलं पान आधी. तक्रारी सगळ्यांसमोर नाहीत. दुभाषा म्हणून त्याच मुलाला उभं करू नका. आपल्याच तक्रारीचं भाषांतर कोणतं मूल खरं करील?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हा नियम आहेच, तिथली नावं एकाच गल्लीतली तर नाहीत ना ते बघा. आणि समारंभात स्वागताला, आभाराला, सूत्रसंचालनाला वेगवेगळ्या घरांतली माणसं घ्या. दरवर्षी तेलुगू आया भाकऱ्या थापतात आणि माईक दुसऱ्यांच्या हातात असतो. हे बदलायला एक पैसाही लागत नाही.

सहावी_पूर्वभाग

सगळ्यांचे आभार. ११ डिसेंबर पक्का, डबी आमच्या वर्गात नाही पण शेजारच्या वर्गात आहे, बोलते. एक अडकलंय. लमाणी बोलणारी मुलगी एकटीच आहे. दोन-दोनची जोडी तिच्याबाबत जमत नाही. आणि शब्दांच्या चार मिनिटांत तिलाच रोज विचारलं तर तिचं प्रदर्शन होईल असं वाटतं.

ळ_आणि_ण

बरोबर वाटतंय तुम्हाला. तिला रोज विचारू नका. आधी एकटीला विचारा, 'भिंतीवर तुझ्या भाषेची ओळ हवी का?' नको म्हणाली तर तो विषय दोन महिने बंद. हो म्हणाली तर शब्द चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगा, तुम्ही इतरांबरोबर वाचा. आईला 'याडी' म्हणतात हे वर्गाला तिच्या तोंडून नाही, भिंतीवरून कळू दे.

हजेरीपट

जोडी भाषेवरून नसेल तर वस्तीवरून लावा. तिच्या घराच्या वाटेवर राहणारी मुलगी गटात घ्या, येता-जाता सोबत होते. मैत्रीच्या नकाशात जूनमध्ये तिच्याकडे एकही बाण नसेल तर गट १५ ऐवजी ३० दिवसांनी बदला, फक्त तिचा. आणि पाचवीत किंवा सातवीत लमाणी बोलणारं कोणी आहे का ते त्या वर्गशिक्षकांना विचारा. असेल तर वाचनालयाच्या कामाला दोघींना एकत्र लावा, कारण न सांगता.